कार्नादेवीच्या दिवशीचे वाल

(जूनची पहिली सकाळ. रोमपासून दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगरातलं शेतघर. सासू रुब्रिया, सून तर्तुला. चुलीवर वाल शिजतायत.)

रुब्रिया : उंदरानं नेलं म्हणतेस, मग दोरी कुठाय? उंदीर गाठ सोडून नेतो होय गं?

तर्तुला : मोठा असेल, आत्याबाई.

रुब्रिया : चार महिने मीठ चोळून, धुरावर टांगून लार्डम केलं मी. चरबी कशी पांढरीशुभ्र उतरली होती. माझ्याकडे बघ. कुठाय?

तर्तुला : यांच्या पिशवीत.

रुब्रिया : डेसिमसच्या?

तर्तुला : पलटणीत निघाले तेव्हा घातलं. राहवलं नाही मला.

रुब्रिया : अगं, पलटणीत डुकराच्या चरबीला काय तोटा?

तर्तुला : ती तुमच्या हातची नसते.

रुब्रिया : लोणी लावू नकोस! आज वालात लार्डम पडलं नाही, तर वर्षभर आपल्या पोटांची राखण कार्नादेवी कशी करील? तुझे दोन गर्भ गेले. तिसऱ्यासाठीच तो तुकडा राखला होता. ठाऊक नव्हतं तुला?

तर्तुला : होतं.

रुब्रिया : तरी दिलास?

तर्तुला : तेव्हा जीव त्यांच्यातच अडकला होता. पोटातलं हललंही नव्हतं. कालपासून हलतंय, आत्याबाई. आता फार भीती वाटते.

रुब्रिया : हलतंय? आणि मला आत्ता सांगतेस? बरं, रडू नकोस. वाल ढवळ, खाली लागतील. माझी शाल दे.

तर्तुला : कुठं निघालात?

रुब्रिया : ओढ्यापलीकडे. ओपियाकडे.

तर्तुला : ओपियाकाकूंकडे? चार वर्षं तुम्ही त्यांचं तोंड पाहिलं नाही!

रुब्रिया : पाहीन कशी? तुझ्या लग्नात, भर पंगतीत म्हणाली, रुब्रियाच्या लार्डमला खवट वास मारतो. सख्खी जाऊ माझी!

तर्तुला : मग दुसऱ्या कुणाकडे मागू.

रुब्रिया : दुसरं घर आहे कुठं या डोंगरावर?

तर्तुला : मी जाते. चूक माझी आहे.

रुब्रिया : तू तो चढ चढायचा नाहीस. बस तिथं.

तर्तुला : त्या तुम्हाला घालूनपाडून बोलतील हो.

रुब्रिया : बोलू दे. म्हणेन, होय बाई, खवटच होतं माझं. तुझं चांगलं असतं, तुझं दे.

तर्तुला : आत्याबाई, खवट नव्हतं ते.

रुब्रिया : मला का ठाऊक नाही? जाळ कमी कर. मी येईपर्यंत उतरवू नकोस.