छुप्या कॅमेऱ्यातली बाई

रोजा सुटायला तासभर होता. कैरोतल्या त्या कताईफच्या गाडीपुढे मिठाईसाठी ही मोठी रांग लागलेली. रांगेत उभ्या साबरीकाकांच्या पुढे कॉलेजातल्या दोन मुली होत्या.

"राविया, तास अर्धवट टाकून पळालीस म्हणे?"

"माध्यमांच्या तासाला सरांनी टीव्हीवरच्या छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमाचा रमजानमधला जुना भाग लावला. बाईला खोटंच सांगतात, तुझा मुलगा गाडीखाली गेला..."

"आणि ती भर रस्त्यात लोळण घेते! आमच्याकडे हसून हसून पोट दुखलं होतं सगळ्यांचं."

तो भाग आठवून काकांनाही हसू फुटलं.

"हनादी, ती माझी आई आहे."

"काय?"

"सरांनी विचारलं, शेवटी गंमत होती कळल्यावर बाई हसते ते खरं का? अख्खा वर्ग म्हणाला, खरं."

"खरंच तर वाटतं गं!"

"कार्यक्रमवाल्यांनी चार वेळा हसवून घेतलं तिला. मी तिथेच होते, सात वर्षांची. नीट हसेपर्यंत भावाला त्यांच्या गाडीतून उतरू दिलं नाही."

"या अल्ला! मग तू वर्गात बोललीस ना?"

"मी एकटीच हसत नव्हते, म्हणून सगळे माझ्याकडे बघून हसत होते गं."

"मग?"

"मीही हसले. आईसारखीच."