एकतीस फोन आणि दर्पणचं ‘कुलूप’

मी निमेश पुंडलिक तामोरे, वय १९ वर्षे, शिक्षण दहावी, दोन वेळा, धंदा मासेमारी, वडिलांच्या मते उनाडक्या, राहणार दांडी, बोईसर पश्चिम. कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगतो की, समाजाच्या बैठकीत माझ्या राखणीत ठेवलेले एकतीस जणांचे फोन मी उघडले आणि प्रत्येकावरून दर्पणच्या ‘कुलूप’ नावाच्या ॲपची खोटी तक्रार केली. हे करायला नको होतं. मस्करी होती. सही घ्यायची तर आताच घ्या, मागाहून माझा विचार बदलतो.

दर्पण कोण, असं विचारल्यावरून सांगतो की, दर्पण आमच्याच आळीतला, वय २६, तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. सकाळचा वेळ मोकळा, म्हणून त्याने हे ॲप बनवलं. फुकट हाय. त्यात जे लिहाल ते फक्त तुमच्या फोनात राहतं आणि तुमच्या परवलीच्या शब्दाशिवाय कोणाला वाचता येत नाय. दर्पणला पण नाय.

असं काय लपवायचं असतं तुमाला, असं जबाब लिहून घेणाऱ्या प्रियंका मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, मासे. घोळ म्हणजे सोन्याच्या भावाचा मासा, आमच्याकडं तो जिथं लागतो ती जागा कोणी कोणाला सांगत नाय. बंदरावर विचारलं, कुठं गेला होतात, तर उत्तर येतं, पाण्यात. जावयाला पण तेच उत्तर. बोटीच्या जीपीएसमध्ये जागा ठेवली तर खलाशी बोट बदलतो आणि जागा त्याच्याबरोबर जाते. म्हणून लोक मशीन पुसून टाकतात आणि जागेचे आकडे ‘कुलूप’मध्ये ठेवतात. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं की पोलिसांना पण उघडता येत नाय का. मी म्हटलं, साहेब, तुमाला घोळ पाहिजे तर सरळ मागा.

दिनांक १२ जुलै, रविवार रोजी दुपारी ४ वाजता समाजाच्या हॉलमध्ये बैठक होती. आमच्याकडं नियम हाय की बैठकीत फोन न्यायचा नाय, कारण एकदा कोणीतरी भांडण रेकॉर्ड करून सासरी पाठवलं होतं. सगळे फोन मासळीच्या पाटीत जमा करायचे. मी बैठकीत आवाज काढतो, म्हणून मला पाटीजवळ बाहेर बसवतात. त्या दिवशी आत दर्पणला शाल-श्रीफळ देत होते. माझे वडील भाषणात बोलले, पोरगा असावा तर असा. माईक चालू होता. बाहेर मला नीट ऐकू आलं.

फोन कसे उघडले, असं विचारल्यावरून सांगतो की, घोळीच्या जागेला एवढं मोठं कुलूप, पण फोनला कोणाच्या एक दोन तीन चार, कोणाच्या बोटीचा नंबर. बायकांच्या फोनला लॉकच नाय. प्रत्येकावर ॲपच्या दुकानात ‘कुलूप’च्या पानावर गेलो आणि ‘तक्रार करा’ खाली ‘हे ॲप माझी माहिती चोरतं’ यावर बोट ठेवलं. पंचवीस मिनिटं लागली. मला वाटलं, दर्पणला घाबरवणारा मेसेज येईल, त्याला घाम फुटेल, मग मी सांगेन, तो मला दोन लावील, आणि आमी चहा पिऊ.

त्यातला एक फोन पंढरीकाकांचा होता. ते एप्रिलमध्ये वारले. फोन आता त्यांची बायको, चंद्रकांतामावशी वापरते. उघडल्यावर काकांचा फोटो आला, हातात घोळ घेतलेला. मी त्या फोनवरून पण केली. हे लिहू नका म्हटलं, मॅडमनी लिहिलं.

दिनांक १५ जुलै रोजी, ज्या कंपनीच्या दुकानातून फोनात ॲप येतात त्या कंपनीने दर्पणचं खातं बंद केलं. कारण दिलं नाय. लिहिलं होतं, धोरणाचा भंग. कुठलं धोरण विचारलं तर ते सांगणं पण धोरणात बसत नाय. त्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला की हे ॲप धोकादायक हाय, तुमच्या सुरक्षेसाठी बंद केलंय, ३० जुलैला आपोआप काढून टाकू. तेव्हापासून ॲप उघडत नाय. काढलं की आतलं सगळं जाणार. दर्पण म्हणतो, नवीन बनवून जुन्यावर चढवलं तर उघडेल. पण नवीन चढवायचं कंपनीच्या दुकानातूनच, आणि दुकानात त्याला पाय ठेवायला बंदी. बाहेरून टाकायला गेलं तर फोन म्हणतो, तुमच्या सुरक्षेसाठी नाय.

बाकीच्यांना आपल्या जागा तोंडपाठ हायत. पंढरीकाकांच्या जागा पंढरीकाकांना पाठ होत्या. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते आणि त्यांचा मुलगा धीरज पहिल्यांदा तांडेल म्हणून, बोटीचा मुख्य म्हणून, बोट काढणार. परवलीचा शब्द मावशीला माहीत हाय, काकांनी जाण्याआधी कानात सांगितला होता. तो टाकायला दारच उरलं नाय.

दर्पणने काय प्रयत्न केले, असं विचारल्यावरून सांगतो की, त्याने अपील केलं. एका मिनिटात उत्तर आलं की तुमचं प्रकरण आमी काळजीपूर्वक तपासलं. आधार कार्ड पाठवलं, तर म्हणाले फोटो तुमच्यासारखा दिसत नाय. आधारचा फोटो कोणाचा दिसतो ते साहेबांना पण माहीत हाय. मग त्याच्या बहिणीने, रुचिताने, तिच्या मेलवरून विनंती केली, तर बंद खात्याशी संबंध म्हणून तिचं पण खातं बंद. तिचे साखरपुड्याचे फोटो त्यात होते. नवरा मुलगा अजून बोलतो तिच्याशी, पण कमी. दर्पण सुट्टी टाकून मुंबईच्या ऑफिसला गेला. वॉचमन म्हणाला, इथं फक्त जाहिरातवाले बसतात, ॲपवाले कुठं बसतात ते त्यांना पण माहीत नाय.

त्यानंतर मावशीच्या फोनवर कंपनीची सूचना आली की आमचं स्वतःचं कुलूप वापरा, जास्त सुरक्षित, तुमी शब्द विसरलात तरी आमी उघडून देऊ. मावशीला मी वाचून दाखवलं. ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, “माझ्या दाराचं कुलूप काढून नेलं, आता त्यांचं लावतायत. मग चावी कोणाकडं राहील रे?”

दिनांक २० जुलै रोजी मी कंपनीला कळवायला बसलो की तक्रारी खोट्या होत्या, मीच केल्या. फॉर्ममध्ये तक्रार करायला अकरा प्रकार हायत. मागे घ्यायला एक पण नाय. मी ‘इतर’ मध्ये लिहिलं, मी खोटं बोललो, दर्पणचा दोष नाय. उत्तर आलं, तुमच्या मताबद्दल धन्यवाद, आमच्या सेवेला किती तारे द्याल. हेल्पलाइनला लावलं. चाळीस मिनिटं गाणं वाजलं, मग बाई म्हणाली वेबसाइट बघा. बाई पण रेकॉर्ड केलेली.

दिनांक २६ जुलै रोजी मी दर्पणला खरं सांगितलं. त्याने मारलं नाय. म्हणाला, “अकरा दिवस झाले, मला शिवी द्यायला पण कंपनीत माणूस सापडला नाय. तू निदान माणूस तरी हायस.” मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानेच सांगितलं की कंपनीच्या साइटवर एकच दार उरलंय, पोलिसांचं पत्र. ते म्हणे माणूस वाचतो. म्हणून आज २७ तारखेला मी आलो.

मॅडमनी विचारलं, फोन चोरलेस का. नाय. पैसे काढलेस का. नाय. तक्रारदार कुठाय. मीच. मग आरोपी कोण. तो पण मीच. मॅडम म्हणाल्या, असं चालत नाय, कलम कुठलं लावू. मी म्हटलं, बसेल ते लावा, पण लेटरहेडवर लावा आणि परवाच्या आत पाठवा. साहेब हसले. मग मी त्यांना पंढरीकाकांच्या फोनचं सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रिंटरला कागद लावला.

साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे पत्राला हा जबाब पूर्ण, नावागावासकट जोडावा लागेल. ते मला मान्य हाय. पण एक प्रत रिवाजाप्रमाणे गावच्या पोलीस पाटलाला जाते, असं पण ते म्हणाले. आमचे पोलीस पाटील म्हणजे धर्मेशकाका. त्यांना सांगणं म्हणजे बंदरावरच्या भोंग्यावर सांगणं. ती प्रत थांबवावी.

हा जबाब मॅडमनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून वाचला, कुठं काय गाळता येतं का बघायला. गाळू दिलं नाय. सगळं मी बोललो तसंच हाय, कोणी धाक दाखवला नाय, म्हणून सही करतो.

सहीच्या खाली अजून दोन ओळी लिहा म्हटलं. मावशी मला रोज विचारते, कोणी केलं असेल रे हे. मी रोज म्हणतो, कंपनीने. ते खोटं पण नाय. ती मला त्यासाठी ताटात जास्तीचं कालवण वाढते, कारण तिला वाटतं मी तिच्यासाठी धावपळ करतोय. तर हात जोडून सांगतो, हे कागद कंपनीला पाठवा, दिल्लीला पाठवा, अमेरिकेला पाठवा, तिकडं वाचणार कोण. पण इथून दांडी बारा किलोमीटर हाय. दांडीत कोणाला सांगू नका.