नागाप्पानं लिहून घेतलेला नकार

मंडळी, कथा सुरू करण्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. सोसणं हे पुण्य की पाप?

पुण्य! वा, काय जोरात म्हणालात! खांबापाशी बसलेल्या काकूंनी तर डोळेच मिटले! तुमची चूक नाही हो. आम्ही कीर्तनकारांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, सोसा बाबांनो, देव बघतोय! पण कुणाचं सोसायचं? ऊन सोसावं, म्हातारपण सोसावं, माझ्या पखवाजवाल्याचा ताल सोसावा. रागावू नका हो बुवा! पण ज्यानं कच्चा माल तुमच्या गळ्यात मारला, त्याचंही सोसायचं? आता का गप्प? ऐका तर मग!

इचलकरंजीत नागाप्पा नावाचा गृहस्थ होता. पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढली. मागाच्या खोलीत कधी उभे राहिलात? खटाक्-खट्, खटाक्-खट्! पस्तीस वर्षांत त्या आवाजानं बिचाऱ्याचे दोन्ही कान खाल्ले. आणि घरात बायको पार्वताक्का, तिची दृष्टी काचबिंदूनं गेलेली. बघा नशीब! तो बोलला तर तिला ऐकू यायचं. ती बोलली तर ह्याला काही नाही! दुसरं कुणी असतं तर लिहून दाखवलं असतं. ही लिहिणार कशी? खुणा केल्या तर त्या तिच्या तिलाच दिसायच्या नाहीत, वेड्यावाकड्या व्हायच्या.

मग नागाप्पानं कानात घालायचं यंत्र घेतलं. एक वर्षाची वॉरंटी! त्या दिवशी पार्वताक्का म्हणाली, "अहो, ऐकलं का?" आपल्या बायका हाकच अशी मारतात ना? आणि नागाप्पा म्हणाला, "ऐकलं!" किती वर्षांनी! म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

पण मंडळी, माणूस आपल्यातलाच! घरी जाऊन टीव्हीचा रिमोट बघा. प्लास्टिकची पिशवी काढली का अजून? नाही ना? नागाप्पानंही तेच केलं. यंत्र झिजेल, जपून वापरू! दिवेलागणीला एक तास कानात, उरलेले तेवीस तास डबीत! पार्वताक्का दिवसभराचं बोलणं त्या एका तासासाठी साठवून ठेवायची. अरे, ती कंपनीची वॉरंटी काय तुझे तास मोजते? ती कॅलेंडर मोजते! यंत्र डबीत झोपलं होतं, आणि मुदत बाहेर धावत होती.

वर्ष सरलं. वर नऊ दिवस झाले. पार्वताक्का लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होती. आणि कर्र... फट्! सगळं बंद! ती बोलतेच आहे, नागाप्पा नुसते तिचे ओठ बघतोय.

नऊ दिवस हो! नऊ! ह्या यंत्रांना कॅलेंडर वाचता येतं का? मुदतीत असेपर्यंत गुणी बाळ, मुदत सरली की लगेच डोळे पांढरे!

शेजारी आले. म्हणाले, "जाऊ द्या आप्पा, नशीब!" झालं! कंपनीनं कच्चं बनवलं, दुकानानं विकलं, आणि खापर कुणावर? नशिबावर! नशीब काय कारखाना चालवतं?

नागाप्पा दुकानात गेला. गल्ल्यावरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, वॉरंटी संपली. काही करता येणार नाही."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? "बरं" म्हणून चपला घातल्या असत्या! पण नागाप्पाला "नाही" ऐकूच आलं नाही! तो तिथंच उभा.

"वॉरंटी संपली, काका!"

नागाप्पा उभाच.

"वॉ-रं-टी सं-प-ली!" रस्त्यावरचा केळीवाला वळून बघायला लागला.

नागाप्पा शांतपणे म्हणाला, "पोरी, मला काय बी ऐकू येत न्हाई. ते यंत्र बिघडलंय म्हणूनच तर आलोय. ल्हिऊन दे की."

वैतागून तिनं लिहून दिलं: वॉरंटी संपली, दुरुस्ती नाही, नवीन घ्या. नागाप्पानं वाचलं. चौथी शिकलेला होता. म्हणाला, "तारीख घाल. सही कर. शिक्का मार." का? मागावर तशी रीत! शिक्क्याशिवाय कापडाचा तागा खोलीबाहेर जात नाही. पस्तीस वर्षांची सवय हो, सुटते कशी?

मग आत मॅनेजरकडे गेला. मॅनेजरनं हात हलवला, मान हलवली, सगळं करून बघितलं. शेवटी त्यानंही लिहिलं: कंपनीचा नियम आहे. तारीख, सही, शिक्का! मागच्या खोलीत दुकानाचे अस्लम मिस्त्री नागाप्पाचं यंत्र उघडून बसले होते. भला माणूस! त्यांनी भिंगातून बघितलं आणि सरळ लिहिलं: आतल्या तारेचा टाका कंपनीतूनच कच्चा आलाय. तुमच्या वापरानं यंत्र बिघडलेलं नाही. ह्या महिन्यात असंच हे सहावं. त्यावरही तारीख, सही, शिक्का!

बोलणं हवेत जातं हो! मिस्त्री हेच रोज तोंडानं सांगत असतील, पण कागदावर पहिल्यांदाच आलं.

घरी येऊन नागाप्पानं तिन्ही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि कपाळाला हात लावून बसला. "संपलं, पार्वती. आता तुझा आवाज काय पुन्हा मिळत न्हाई." हे ऐकून पार्वताक्का काय म्हणाली? काही नाही! म्हणून उपयोग काय? त्याला ऐकू कुठं जाणार? तिनं चाचपत तिन्ही चिठ्ठ्या काढून घेतल्या. एकेक त्याच्यासमोर धरून पुन्हा वाचायला लावली. मिस्त्रीची चिठ्ठी आल्यावर ती सगळ्यांत वर ठेवली, तिन्ही त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या, वरून थोपटल्या, आणि त्याला पाठीला धरून दाराबाहेर ढकलला!

आंधळी होती हो. पण साऱ्या गल्लीला दिसलं नाही ते तिला दिसलं!

नागाप्पा तसाच दुकानात गेला. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. म्हणाला, "सायेब, आमच्या कापडात विणीचा दोष निघाला, तर ते गिऱ्हाइकाच्या अंगावर फाटू दे न्हाईतर दुकानात, दोष आमचाच. शेठ मला बोलावून दाखवायचा. मी कधी म्हणलो न्हाई, नऊ दिस उशीर झाला म्हणून. झिजून फाटलं तर ते गिऱ्हाइकाचं. पर जलमताच कच्चं होतं, ते माझं कसं? तुमच्याच मिस्त्रीनं ल्हिलंय, तुमचाच शिक्का हाय. बदलून देता, का मी ह्ये घेऊन जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जाऊ?"

मॅनेजरनं स्वतःचाच शिक्का बघितला. पुन्हा बघितला. आणि मंडळी, मघापर्यंत हात हलवणारा तो माणूस, त्यानं कागद ओढून काय लिहिलं सांगू? काका, बसा. चहा घेणार?

आठ दिवसांत नवं यंत्र आलं. कंपनीचा नियम? कुठं गेला कोण जाणे!

नागाप्पानं यंत्र कानात घातलं आणि बायकोसमोर बसला. म्हणाला, "बोल." आता तुम्हाला वाटेल, पार्वताक्का काहीतरी गोड बोलली. छे! म्हणाली, "अहो, दुधाचं पातेलं उघडं टाकून जाता! रोज मांजर तोंड घालतंय! सांगणार तरी कुणाला?" अर्धा तास तिनं झाडला त्याला! आणि नागाप्पा ढसाढसा रडत होता. शेवटी तिनंच डबी चाचपून घेतली आणि चुलीत घातली. म्हणाली, "आता दिवसभर कानात. झिजू दे झिजलं तर!"

आता तुमच्याकडे वळतो. मुदत संपल्यावर लगेच बंद पडलेली वस्तू ज्यांच्या घरी आहे, त्यांनी हात वर करा! अरे बापरे, पखवाजवालेसुद्धा! बरं, दुकानात जाऊन लेखी तक्रार कितीजणांनी केली? नकार लिहून कितीजणांनी मागितला?

बघा, झटकन खाली गेले हात! काकू, तुमचाही गेला. आणि खोटं कशाला बोलू, मी तर वरच केला नव्हता. माझा मिक्सर चार महिने माळ्यावर आहे.

असं सोसणं म्हणजे पुण्य नव्हे हो! तुम्ही गप्प बसलात म्हणून सातवं कच्चं यंत्र विकलं जातं, आणि ते कुठल्यातरी दुसऱ्या पार्वताक्काच्या घरी जातं. तिचा आवाज कुणी बंद केला? कंपनीनं, आणि तुम्ही, आणि मी!

उद्या सकाळी नारळ घेऊन इथं येऊ नका. आधी बिल शोधा, दुकानात जा, आणि म्हणा, लिहून द्या. जे तुमच्या हक्काचं आहे, ते देवाकडे कशाला मागता? चला, उठा, आरतीला उभे राहा.