शेंदराखालचा माळबाबा

मंडळी, एक प्रश्न! रानात उभा धोंडा दिसला, शेंदूर दिसला, की तुमचे हात आपोआप जुळतात. जुळू देत! पण हात जोडता कुणाला — धोंड्याला की शेंदराला? …मागं कोण "दोन्हीला" म्हणालं? हुशार! हीच माणसं लग्नात दोन्हीकडच्या पंगतीला बसतात!

तर ऐका. वाघजाळीच्या माळावर पुरुषभर उंचीचा धोंडा — माळबाबा. शेजारी जुनी दगडी बारव. लांबून लोक दर्शनाला यायचे, बारवेचं तीर्थ बाटलीत भरून न्यायचे. पण माळापलीकडच्या गवळवाड्याला ते पाणी बंद! का? तर फत्तेसिंगराव इनामदार म्हणायचे, "बाबा आमचा मूळपुरुष! घोड्यावर स्वार, हातात तलवार! बारव आमची!" आता घोडा कुणी पाहिला होता? कुणीच नाही! वीतभर शेंदराखाली हत्ती असता तरी दिसला नसता!

त्या साली गवळवाड्याचा झरा आटला. हौसाबाई गवळणीची सून सात महिन्यांची पोटुशी, ती दोन कोसांवरून हंडा आणायची. एक दिवस भोवळ येऊन वाटेतच पडली. मग हौसाबाई गप्प बसते होय? जत्रेच्या दिवशी, भर सकाळी, रिकामी घागर घेऊन बाबापुढं उभी!

"इनामदार, पानी तुमचं का बाबाचं?"

"बाबाचं!"

"मग बाबालाच इचारा की! लावा कौल!"

सगळ्या जत्रेदेखत नाही कसं म्हणणार? कौल म्हणजे धोंड्याला दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "आज कौल मी लावणार," इनामदार म्हणाले. डावी चिकटवली पाण्याच्या थेंबानं. आणि उजवी? तिच्याखाली तेलात कालवलेल्या शेंदराचा हा एवढा गोळा! भिंतीवर गोवरी थापतात ना, तसा थापला — दणादण!

बाबा जरा थांबला. देवाला घाई नसते हो, घाई तुम्हाला! काहींचं लक्ष आत्ताच प्रसादाच्या पातेल्याकडं! आणि मग — कर्रर्र! पिढ्यान् पिढ्यांचं शेंदराचं कवच, त्यावर हे दणके आणि हा गोळा… धाडकन खाली!

"डावी पडली!" इनामदार ओरडले.

"आन् उजवी काय वर लटाकलीया?" हौसाबाई म्हणाली.

लोकांनी वर पाहिलं. घोडा नाही! तलवार नाही! धोंड्यात कोरलेला माणूस — खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायाशी तीन गाई. गाई राखता राखता पडलेला वीर — गवळी! इनामदारांना दरदरून घाम.

आता बारी हौसाबाईची! तुम्ही असता तर? "बारव आमची, इनामदारांना बंदी!" म्हणाला असता की नाही? खरं सांगा! ती पायऱ्या उतरली, घागर भरून वर आली आणि इनामदारांना म्हणाली, "करा वंजळ. घसा सुकलाय तुमचा." इनामदार खाली मान घालून प्याले. उरलेली घागर तिनं सुनेसाठी घरी नेली.

हसलात, टाळ्या दिल्यात, बरं वाटलं. पण दुपारी मी तुमच्या गावात आलो, तेव्हा मांडवात पाण्याचं एक पिंप दिसलं — झाकण, पितळी पेले. दुसरं पिंप बाहेर, बाभळीखाली. त्याला पेलाच नाही! विचारलं, "हे कुणासाठी?" तर सगळे आभाळाकडं बघायला लागले!

मृदंगवाले, थांबा. आरती राहू दे. बाभळीखाली बसलेल्यांना आत बोलवा, आणि याच पेल्यांनी पाणी द्या. मलाही तहान लागलीय. पण मी त्यांच्यानंतर पिईन.