तिन्ही ठेवा

माईक तेवढा खाली घ्या. आणखी थोडा. हं, आता ठीक.

मंडळी, आपण सगळे डॉ. नसरीन यांना श्रद्धांजली वाहायला इथं अकोल्यात जमलो आहोत. त्यांचे यजमान समोर बसले आहेत. त्यांच्याकडे पाहून बोलणं मला जड जातं आहे. तरी बोलते.

मी अंजनगाव सुर्जीची. शाळेत मराठी शिकवते. मॅडमची पेशंट. आत्तापर्यंत इथं सगळ्यांनी सांगितलं, त्यांच्यामुळे किती घरांत पाळणे हलले. माझ्या घरात हलला नाही. आमच्या भागात एक गोष्ट बोलली जाते. नसरीनबाईनं पोटात जास्तीचे गर्भ ठेवले आणि तीन लेकरं गेली. ती लेकरं माझी. आणि ते बोलणं खोटं आहे. मी तेवढंच सांगायला आले आहे.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. उपचार दोनदा फसले होते. तिसऱ्या वेळी प्रयोगशाळेत तीन गर्भ तयार झाले. मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. मला, माझ्या मिस्टरांना, सासऱ्यांना. म्हणाल्या, "दोन छान आहेत. तिसरा मागे पडलाय. मी दोनच ठेवणार."

सासऱ्यांचा जन्म कपाशीत गेलेला. ते म्हणाले, "बाई, आमी एका जागी दोन-तीन सरक्या टोबतो. एखांदी किडते, एखांदी पाखरू उकरते. उरली ते आपली. तुमी मोजून काहून टाकता?"

"आणि काका, तिन्ही निघाल्या तर?"

"त विरळणी करतो. दोन उपटून फेकतो."

"इथं कोण उपटणार? तुम्ही का मी?"

सासरे हसले. "तुमचं वावर लई लहान हाय, बाई."

"म्हणून तर दोनच म्हणते."

सासऱ्यांनी मान डोलावली. मिस्टरांनीही. इथपर्यंत सगळं मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे चाललं होतं. मग मी बोलले.

मी विचारलं, तिसऱ्याचं काय होईल? गर्भ गोठवून ठेवायची सोय तेव्हा इथं नवी होती. मॅडम म्हणाल्या, हा मागे पडलेला, गोठवला तर पुन्हा वाढेल असं वाटत नाही. मंडळी, मी मास्तरीण. मागे पडलेलं पोर मी कधी वर्गाबाहेर ठेवलं नाही. मला तिथं पोर दिसलं. मी म्हटलं, तिन्ही ठेवा. त्या नाही म्हणाल्या. मी रडले. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. मी उठले. म्हटलं, दुसरीकडे जाते, तिथं तीन ठेवतात. दारापर्यंत गेले. त्यांनी मागून येऊन माझा हात धरला. त्यांना ठाऊक होतं, दुसरीकडे चारसुद्धा ठेवतील. त्यांनी तिन्ही ठेवले.

तिन्ही रुजले. मागे पडलेलासुद्धा. मॅडमनी समजावलं, अजून वेळ आहे, एक कमी करू, दोन वाचतील. मी ऐकलं नाही. सहाव्या महिन्यात तिघं आली. दोन मुलगे, एक मुलगी. चौथ्या दिवशी कोणी नव्हतं.

ती आमच्याकडची वाईट, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षं होती. दर आठवड्याला कुठल्या तरी गावी मयतीला जावं लागायचं. आमच्या तिघांसाठी लोक किती थांबणार? दुःख लोक विसरले. दोष मात्र विसरले नाहीत. सासरे ओसरीवर सांगायचे, डॉक्टरीणबाईनं आपल्या मनानं टाकले. मला झाकण्यासाठी सांगत असतील. मी कधी विचारलं नाही. आत चहा गाळताना मी ते ऐकायचे, आणि चहा बाहेर नेऊन द्यायचे. कितीदा? मला मोजता येणार नाही.

मॅडम त्यानंतर दोनाच्या वर गेल्या नाहीत. पुष्कळदा एकच ठेवायच्या. पेशंट रागावून उठून जायचे. आमच्या गावचेही गेले.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटले. आजारानं त्यांचा आवाज पार बसला होता. म्हटलं, मॅडम, मी लोकांना खरं सांगते. म्हणाल्या, "राहू दे. हात माझाच होता ना? माझ्याकडे बोट दाखवलं तर मी दार लावून घेते. तुला त्याच घरात राहायचंय."

आज मी त्यांचं ऐकलेलं नाही. मिस्टर तिसऱ्या रांगेत आहेत. सासरे आले नाहीत. "कोन्त्या तोंडानं येऊ?" म्हणाले. घरी गेल्यावर त्यांना सांगणार आहे, मी काय बोलले ते.

साहेब, तुमच्या पत्नीनं दोनदा नको म्हटलं होतं. तिन्ही ठेवा, असं मी म्हटलं होतं. एवढं तुमच्यापाशी असू द्या.

आता दोन मिनिटं आपण बोलू नये. बसूनच राहा. पेशंट बायांना ताटकळत उभं ठेवलेलं मॅडमना चालत नसे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर नेहमीची दोघं-तिघं येऊन बसली होती. सासरे त्यांना म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं दोनच सांगतले होते."