ज्योतीचं वावरातलं लग्न

पैशाशिवाय लग्नाले मजा नाही म्हणता, तं माह्या बहिणीचं ऐका. ज्योतीच्या लग्नासाठी मलकापुरात हॉल पाहून ठेवला होता. पण त्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी पार खाल्ली. बाबानं उभं पीक उपटून टाकलं आणि मंग वावरात पायच ठेवला नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहत. आई त्यायले एकटं सोडत नव्हती. भेव सगळ्यायलेच होतं, बोलत कोणी नव्हतं.

ज्योती म्हणाली, "हॉल नको. लग्न आपल्या वावरात लावू."

"काऊन वं?" आई म्हणाली. "लोक हसतील."

"हसू दे."

नवरदेवाकडचे हो म्हणाले. शेजारच्या सलीमचाचानं सतरंज्या आणल्या, गावातल्या बायांनी स्वयंपाक केला. कन्यादानासाठी बाबाले यावंच लागलं. वावराच्या कडेले, धुऱ्यावर येऊन ते थांबले. ज्योतीनं त्यायचा हात धरून आत नेलं. अक्षता पडल्या आणि बाबा हमसून हमसून रडले.

ज्योती सासरी निघताना मी तिले म्हटलं, "हॉलचा खर्च वाचवला तू."

"खर्चाचं नाही रे दादा. बाबाले वावरात आणाचं होतं. दुसऱ्या कशासाठी आले असते का ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाची खाट रिकामी दिसली. धावतच वावरात गेलो, तं बाबा मांडवाच्या बल्ल्या काढून खड्डे बुजवून राह्यले होते.

"पाहत काय उभा राह्यला?" ते म्हणाले. "हात लाव. औंदा इथं तूर पेरू."