लाकूडवाल्याच्या दारावरच्या चिठ्ठीतला ढ

जबाब देणार: पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची विधवा. वय ५७. धंदा शिवणकाम. राहणार पेंटरच्या दुकानामागच्या दोन खोल्या.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे.

माझे मालक तीन वर्षांपूर्वी वारले. दुकान आता त्यांचे भागीदार चालवतात. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांचे अक्षर मालकांच्याच वळणाचे आहे. आज सकाळी दहाच्या सुमारास त्यांची बायको धावत आली व म्हणाली, "ह्यांना ठाण्यात नेलंय हो. लाकूडवाल्याच्या दारावर धमकीची चिठ्ठी लागली, ती म्हणे ह्यांच्या हातची." शेजारच्या लाकूडवाल्याशी भावजींचे मधल्या भिंतीवरून भांडण झाले होते हे खरे आहे. मी मशीनवरचे काम तसेच टाकले, लॅपटॉप पिशवीत घातला व चालत आले.

साहेबांनी मला चिठ्ठीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. मूळ कागद लाकूडवाल्याने रागाने फाडला आहे. मजकूर असा: "भिंत वाढवाल तर पुढचं आम्ही बघून घेऊ. एवढं ध्यानात ठेवा." साहेब म्हणाले, "हे वळण तुमच्या मालकांचं. ते तर गेले. मग तसं लिहिणारा एकच उरतो."

मी सांगितले की, हे वळण कुणालाही मिळते. ते मी इंटरनेटवर ठेवले आहे.

मी शाळेत गेलेली नाही. वाचायला मालकांच्या ओल्या पाट्यांवरून शिकले. त्यांची कच्च्या कामाची एकच वही उरली, आठ पानांची. ती स्कॅन केली, व्हिडिओ बघत एकेक अक्षर संगणकावर गिरवले व त्याचा फॉन्ट केला. चौदा महिने लागले. मग वेबसाइट केली. तिच्यावर त्यांच्या अजून टिकलेल्या पाट्यांचे फोटो आहेत व खाली मजकूर त्यांच्याच अक्षरात. फॉन्ट फुकट उतरवून घेता येतो. दोनशे बारा जणांनी घेतला. लोक हसतील म्हणून ओळखीत कुणाला बोलले नव्हते.

साहेबांना खरे वाटेना. मी म्हटले, "काहीही सांगा, टाइप करते." ते म्हणाले, "लिहा, चहा आणा." मी लिहिले. बाकावरचे भावजी ताडकन उठले. "अरे, हा तर दादा!" हवालदार चहा आणायला निघाले होते, त्यांना परत बोलवावे लागले.

साहेबांनी विचारले, "मग यांनीच तो उतरवून घेतला नसेल कशावरून?" भावजी म्हणाले, "साहेब, मला फोन बंद करायचा तर बायकोला हाक मारावी लागते. आणि अक्षर हातात असताना यंत्रापुढे कशाला हात पसरू?"

मग मी फोटो मोठा करून ढ दाखवला. चिठ्ठीत तो तीनदा आहे. तिन्हींच्या पोटातला वळसा एकाच जागी थरथरला आहे. हाताने लिहिलेले इतके तंतोतंत येत नाही. वहीत ढ कुठेच नव्हता. तो मी माउसने काढला, तेव्हा माझा हात हलला होता. बाकी सगळी अक्षरे मालकांची आहेत. ढ माझा आहे.

भावजी म्हणाले, "वहिनी, दादाचा ढ असा लुळा नव्हता हो." त्यांनी हवालदारांचे पेन मागून घेतले व कोऱ्या कागदावर एका दमात ढ काढला. तो मालकांचा होता. मी ओळखला. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले व भावजींना घरी जायला सांगितले.

चिठ्ठी कुणी लावली हे मला माहीत नाही.

भावजींचा तो कागद पुरावा म्हणून फायलीला जोडला आहे. त्याची स्वच्छ प्रत मला आजच मिळावी, एवढी विनंती आहे.

हा जबाब मी सांगितला तसा टाइप झाला. हवालदारांनी तो मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. बरोबर आहे.